काचेवर ठेवलेलं कॉइन

व्हिडिओ गेमच्या मशीनच्या काचेखाली, स्टिक आणि बटणांच्या थोडं वर, बोटभर रुंदीची एक कड असायची. त्या कडेवर कॉइन ठेवलं की नंबर लागला. पहिलं डाव्या टोकाला, त्याच्या शेजारी दुसरं, मग तिसरं. पितळी रंगाची ती कॉइनं सगळी सारखीच दिसायची, तरी कुठलं कोणाचं यावरून भांडण झाल्याचं मला आठवत नाही. कॉइन ठेवणारा मागे उभा राहून खेळ बघायचा, मध्येच बाहेर जाऊन पाणी पिऊन यायचा, आणि परत येईपर्यंत त्याचं कॉइन जागच्या जागी असायचं. त्या खोलीत कोणी मास्तर नव्हते. भिंतीवर नियम लिहिलेले नव्हते. आतल्या वीस-पंचवीस पोरांतली निम्मी तर एकमेकांना नावानंही ओळखत नव्हती.

ही गोष्ट सोलापूरची, १९९५-९६ च्या आसपासची. एका थिएटरमागच्या बोळात दहा बाय पंधराचा गाळा, दाराला जाड निळा पडदा, आत सहा मशीनं. दाराशी स्टुलावर अण्णा बसायचे. मांडीवर कॉइनांचा डबा, कमरेला मशीनच्या किल्ल्यांचा जुडगा. रुपयाला एक कॉइन. शाळेचा गणवेश अंगात असेल तर दुपारी कॉइन मिळायचं नाही, ‘घरी जा, कपडे बदलून ये’ एवढंच ते म्हणायचे. मी आज शाळेत गणित शिकवतो. मुलांशी एवढ्या कमी शब्दांत, न ओरडता बोलणं किती अवघड असतं ते मला आता कळतं.

अशी खोली आपल्या शहरांतल्या प्रत्येक वॉर्डात पुन्हा असावी, आणि ती उभी करायला महापालिकेनं आणि राज्य सरकारनं हात द्यावा, असं माझं म्हणणं आहे. लहानपण गोड वाटतं म्हणून मी हे म्हणत नाही. त्या खोलीत काय चांगलं होतं, काय वाईट होतं, हे तीस वर्षांनी नीट पाहिलं तर मुलांच्या फोनवरच्या खेळाच्या आजच्या मोठ्या प्रश्नाचं निदान अर्धं उत्तर तिथं सापडतं, असं मला वाटतं.

सोलापूरची ज्याला माहिती आहे त्याला हे वेगळं सांगायला नको की आमच्या गावात चार भाषा घराघरांत बोलल्या जातात. पूर्व भागात विणकरांची तेलुगू, बाजूलाच कन्नड, मग उर्दू आणि मराठी. शाळाही त्या त्या माध्यमाच्या, त्यामुळे दहावीपर्यंत दुसऱ्या भाषेच्या मुलाच्या शेजारी बाकावर बसण्याची वेळ फारशी येत नाही. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला होम मैदानावर सगळं गाव लोटतं, पण तिथंही प्रत्येक जण आपापल्या घरच्यांबरोबर असतो. अण्णांच्या गाळ्यात मात्र मागावर कांड्या भरून आलेला मुलगा, वकिलाचा मुलगा आणि बेकरीत काम करणारा मुलगा खांद्याला खांदा लावून एकाच मशीनवर उभे असायचे. ‘काय बे, कॉइन कोणाचंय?’ ‘माझंय की.’ एवढ्यावर ओळख व्हायची, आणि पुढच्या दहा मिनिटांत दोघं मिळून एका डायनासोरला बडवत असायचे.

तो खेळ म्हणजे ‘मुस्तफा’. महाराष्ट्रातच काय, भारतभर त्याला याच नावानं ओळखतात. जपानच्या कॅपकॉम कंपनीनं १९९३ मध्ये काढलेल्या त्या खेळाचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’, तो एका अमेरिकन कॉमिकवर बेतलेला, आणि मुस्तफा हे त्यातल्या चार पात्रांपैकी एकाचं नाव. टोपीवाला, चपळ. आमच्या पोरांनी तो आपला मानला आणि अख्ख्या खेळाला त्याचं नाव देऊन टाकलं. मूळ खेळ एका वेळी तिघांनी खेळावा असा बनवलेला आहे, अण्णांच्या मशीनला दोनच स्टिका होत्या. त्यामुळे मुस्तफा कोण घेणार हा दर वेळचा वाद. एक जण शत्रूला अडवून धरणार, दुसरा मागून मारणार, आणि जमिनीवर पडलेलं खाणं ज्याची ताकद कमी झाली असेल त्यानं घ्यायचं. हे शेवटचं कोणी शिकवलं नव्हतं. साथीदार मेला की आपलाही डाव लवकर संपतो, हे दोन-तीन रुपये घालवल्यावर कळायचं.

खेळण्यापेक्षा बघण्यातच आमचा जास्त वेळ जायचा, हेही सांगायला हवं. दोन रुपये खिशात असले की दीड-दोन तास तिथं घालवता यायचे, त्यातली दहा-पंधरा मिनिटं स्टिकवर, बाकीचा वेळ दुसऱ्याच्या पाठीमागे. कोणी नवी युक्ती काढली की ती सगळ्यांनी पाहिलेली असायची, आणि दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांची झालेली असायची. ज्यांच्याकडे एकही रुपया नसायचा अशी लहान पोरं रिकाम्या मशीनची स्टिक धरून उभी राहायची. कोणी खेळत नसलं की मशीन आपलं आपणच नमुन्याचा खेळ दाखवतं, आणि ती पोरं स्टिक हलवत, बटणं दाबत, आपणच खेळतोय असं धरून चालायची. अण्णा त्यांना उठवत नसत. गिऱ्हाईक आलं की मगच म्हणायचे, ‘बाळा, जरा सरक.’

आता दुसरी बाजू.

माझ्या आईला तो गाळा अजिबात आवडायचा नाही, आणि तिची काळजी खोटी नव्हती. आत धूर असायचा. रंगाच्या कारखान्यातली मोठी पोरं सिगारेट ओढायची. आमच्याच गल्लीतला एक मुलगा घरातल्या डब्यातून पैसे काढताना सापडला, आणि ते पैसे कुठं जात होते ते सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यात मागच्या भिंतीला एक मशीन असं होतं की ज्याला स्टिकच नव्हती, नुसती फळांची चित्रं फिरायची. त्याच्यासमोर पोरं नसायची, बाप्ये असायचे, आणि ते हसत नसायचे. ‘व्हिडिओ गेमच्या नावाखाली जुगार’ ही बातमी आपल्या वर्तमानपत्रांत इतक्यांदा छापून आली आहे, ती काही वार्ताहरांनी कल्पनेनं रचलेली नाही.

आणि मुली. त्या सहा मशीनांसमोर मी एकदाही एखादी मुलगी उभी पाहिली नाही. मुस्तफाच्या खेळात हॅना नावाची एक बाई आहे, चांगली लढते, पण तिला कोणी घ्यायचं नाही. घेतली तर बाकीची पोरं हसायची. माझी धाकटी बहीण एकदा पडद्यापर्यंत आली होती, मला जेवायला बोलवायला. पडदा तिनं बाजूला केला नाही, बाहेरूनच हाक मारली. ज्याला मी आज सगळ्यांना सामावून घेणारी जागा म्हणतोय, ती गावातल्या निम्म्या मुलांना बंद होती. हे बाजूला ठेवून त्या दिवसांबद्दल बोलणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं.

शिवाय तो धंदा होता. पहिल्यापासूनच होता. १९७२ मध्ये अटारी कंपनीनं ‘पाँग’चं पहिलं मशीन कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल गावच्या एका बारमध्ये ठेवलं, ते थोड्याच दिवसांत बंद पडलं, आणि उघडून बघतात तर नाण्यांचा डबा भरून वाहत होता, ही हकीकत प्रसिद्ध आहे. नवख्याचा डाव काही मिनिटांत आटपावा, पण ‘थोडक्यात हुकलं’ असं त्याला वाटावं, अशाच बेतानं हे खेळ रचलेले असत. मेल्यावर पडद्यावर दहा, नऊ, आठ असे आकडे उलटे मोजले जायचे आणि तेवढ्यात दुसरं कॉइन टाकलं तर डाव पुढे चालू. आजच्या फोनवरच्या खेळात जी गळाला लावण्याची कला आहे तिचं मूळ त्या दहा आकड्यांत आहे, हे मी मान्य करतो.

तरी एक फरक उरतोच. ते आकडे शून्यावर आले की संपलं. खिसा रिकामा झाला की संपलं. मागचा म्हणायचा ‘उठ की, माझा नंबर आहे’, आणि उठावं लागायचं. खेळाला तीन बाजूंनी कुंपण होतं: खिशातला रुपया, मागे उभा असलेला मुलगा, आणि दाराशी बसलेले अण्णा. फोननं ही तिन्ही कुंपणं काढून टाकली. पैसे दिसत नाहीत, ते वडिलांच्या खात्यातून जातात. मागे कोणी उभं नाही. आणि बघणारं मोठं माणूस तर नाहीच, कारण खेळ चालतो पांघरुणात, रात्री बारानंतर. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांना आपले पैसे गेल्याचं कळलं तेव्हा चार महिने उलटून गेले होते. ते माझ्यासमोर बसून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होते, की हा आमच्या शेजारीच झोपायचा, मग आम्हाला कळलं कसं नाही?

सरकारनं या सगळ्याकडे कसं पाहिलं, तेही बघायला हवं. आपल्याकडे सार्वजनिक करमणुकीच्या जागांचे नियम करण्याचा अधिकार १९५१ च्या पोलीस अधिनियमाच्या कलम ३३ नं पोलीस आयुक्तांना आणि जिल्हा दंडाधिकाऱ्यांना दिलेला आहे. मुंबईसाठी १९६० मध्ये झालेल्या नियमांच्या तर शीर्षकातच मेळे आणि तमाशे आहेत. म्हणजे मुलांच्या खेळाची खोली पहिल्यापासून बंदोबस्ताचा विषय ठरली. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर कर्नाटकातलं एक प्रकरण आलं, एम. जे. शिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य. व्हिडिओ गेम पार्लरांना परवाना लावण्याचा सरकारचा अधिकार न्यायालयानं मान्य केला. मशीनमध्ये फेरफार करून खेळणाऱ्याची जिंकण्याची शक्यता कमी केली जाते, हा त्यातला एक महत्त्वाचा मुद्दा होता. मला तो निकाल चुकीचा वाटत नाही. फळांच्या मशीनसमोरचे ते बाप्ये मी पाहिले आहेत. दुःख याचं आहे की मागच्या भिंतीचं मशीन आणि पुढची पाच मशीनं यांच्यात फरक करण्याची तसदी पुढं फारशी कोणी घेतली नाही.

हा फरक करता येतो. न्यूयॉर्क शहरानं १९४२ मध्ये पिनबॉलवर, म्हणजे गोळी सोडून खेळायच्या मशीनवर, जुगार म्हणून बंदी घातली. महापौर ला गार्डिया यांनी स्वतः घण घेऊन मशीनं फोडली. ती बंदी १९७६ पर्यंत टिकली. उठली कशी, तर रॉजर शार्प नावाच्या पत्रकारानं नगर परिषदेसमोर मशीन लावून खेळून दाखवलं. गोळी कुठल्या खाचेतून जाणार हे आधी सांगितलं, आणि तिथूनच घालून दाखवली. हे नशीब नसून हात आणि डोळा आहे, हे सभासदांना समोर दिसलं. जपाननं आणखी वेगळी वाट धरली. १९८५ पासून तिथली गेम सेंटरं कायद्याच्या कक्षेत आली, रात्रीची बंद करायची वेळ ठरली, आणि सोळा वर्षांखालच्या मुलांनी संध्याकाळी साधारण सहानंतर एकट्यानं, आणि अठराखालच्यांनी दहानंतर आत थांबायचं नाही असे नियम झाले. जागा बंद न करता मुलांची काळजी घेता येते, याचा हा चाळीस वर्षांचा दाखला आहे.

आमची पार्लरं पोलिसांनीच संपवली असं म्हटलं तर ते अर्धसत्य होईल. घरातल्या टीव्हीला जोडायचे स्वस्त नकली संच आले, मग सायबर कॅफे, मग फोन. अण्णांनी गाळा विकला तेव्हा सहापैकी दोनच मशीनं चालू होती. पण एक गोष्ट खरी, की कोणी ती पार्लरं टिकवायचा प्रयत्न केला नाही. व्यायामशाळेला आपल्याकडे अनुदान मिळतं. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे गावोगावच्या वाचनालयांना वर्गवारीनुसार अनुदान मिळतं, आणि ती अपुरी का होईना, उभी आहेत. मुलांनी एकत्र खेळावं यासाठी मात्र मैदानापलीकडे आपण कशाचा विचार केला नाही, आणि मैदानंही राखली नाहीत.

मॉलमध्ये गेम झोन आहेतच की, असं मला एका सहकाऱ्यानं सांगितलं. आहेत. मी मुलीला घेऊन पुण्यात एका ठिकाणी गेलो होतो. दारातच कार्डावर पैसे भरायचे, मग प्रत्येक मशीनला कार्ड लावायचं. एका डावाला किती गेले ते डोळ्यांना दिसत नाही. निम्म्याहून जास्त मशीनं अशी, की गोळा सोडायचा किंवा बटण दाबायचं, आणि जे काही होईल त्यावर तिकिटं मिळायची. तिकिटं साठवली की बाहुली. माझ्या मुलीनं तासाभरात एकाही अनोळखी मुलाशी शब्द बोलला नाही, कारण बोलण्याचं काही कारणच तिथं पडत नाही. हाताच्या कौशल्याला वाव नसलेली, बक्षिसाचं आमिष दाखवणारी ही मशीनं अण्णांच्या मुस्तफापेक्षा जुगाराच्या कितीतरी जवळची आहेत. पण ती काचेच्या इमारतीत आहेत आणि तिथं येणारी मुलं गाडीतून येतात. कांड्या भरणारा मुलगा तिथं पोचतच नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ त्यानं बंद केले, मग ते नशिबाचे असोत की कौशल्याचे, आणि ई-स्पोर्ट्स व निव्वळ करमणुकीच्या खेळांना प्रोत्साहन द्यायचं असंही त्याच कायद्यात आहे. मला हा कायदा महत्त्वाचा वाटतो, कारण खेळ आणि पैज या दोन गोष्टी त्यानं कागदावर वेगळ्या केल्या. हीच रेघ आता वॉर्डातल्या खोलीसाठी ओढा. ज्या खोलीत कुठल्याही मशीनमधून पैसा, तिकीट, बक्षीस काहीही बाहेर पडत नाही, जिचा दर्शनी भाग काचेचा आहे, जी रात्री आठला बंद होते, तिला पोलीस परवान्याच्या फेऱ्यांतून मोकळं करा. थोडे कामगार असलेल्या छोट्या दुकानाला २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली नुसती सूचना द्यावी लागते. या खोलीलाही तेवढंच पुरे. तपासणी हवी तेव्हा करा, आत येऊन एक डाव खेळून बघा.

खर्चाचा बाऊ करू नये. जुन्या पद्धतीचं एक मशीन म्हणजे लाकडी खोका, पडदा, स्टिका, बटणं आणि एक बोर्ड. आमच्या गावात मोटारी रिवाइंड करणारी, मागाची इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करणारी माणसं आहेत, त्यांच्या हातचं हे काम आहे. त्यातलं एक मशीन मागून उघडं, काच लावलेलं असावं, अशी माझी फार इच्छा आहे. बोर्डावरच्या चिमुकल्या बटणांनी मालक खेळ अवघड-सोपा कसा करू शकतो हे मुलांना दिसावं. जे मशीन आपल्याला फसवू शकतं ते कसं फसवतं, हे बाराव्या वर्षी कळलेलं मूल फोनकडे वेगळ्या नजरेनं बघेल. १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये शत्रू जसजसे कमी होतात तसतसे उरलेले वेगानं सरकतात. खेळाचे कर्ते तोमोहिरो निशिकादो यांच्याकडचा प्रोसेसर इतका हळू होता की कमी चित्रं काढायची असली की तो आपोआप भरभर चाले, आणि तो दोषच त्यांनी खेळात ठेवला. मी हे आठवीच्या वर्गात व्यस्त प्रमाण शिकवताना सांगतो. त्या दिवशी शेवटच्या बाकावरची मुलंही प्रश्न विचारतात.

आमच्या वॉर्डात एक समाजमंदिर आहे. वीस बाय तीस फूट, दोन बाजूंना खिडक्या, वीज आहे, पंखे आहेत. वर्षातून चार-पाच बारशी आणि निवडणुकीचं मतदान सोडलं तर कुलूप. गेल्या महिन्यात किल्ली मागून घेतली आणि मी टेप लावून मोजून आलो. भिंतींना धरून आठ मशीनं बसतात, मध्ये उभं राहायला जागा उरते, आणि दारापाशी एका स्टुलाला. निवृत्त झालेले दोन गिरणी कामगार संध्याकाळी बसायला तयार आहेत, एकांची सून तयार आहे. मुलींना बिनधास्त येता यावं म्हणून दाराला पडदा असणार नाही, आणि दर शनिवारी दोन तास फक्त त्यांचे असतील, असं मी अर्जात लिहिलं आहे. ते वाचून बहीण म्हणाली, शनिवार कशाला, रोजच जाऊ दे की त्यांना. अर्ज मी परत मागून घेतलाय, तेवढी ओळ बदलून सोमवारी पुन्हा देणार आहे.